उखर्डू नानांचा ‘मी’

धुळ्याच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, उखर्डू नाना बत्तीस वर्षं प्रतिज्ञापत्रांत दुसऱ्यांचे ‘मी’ लिहीत बसले होते. मी, खाली सही करणारी. मी, अंगठा देणारा. टाइपरायटर गेला, संगणक आला, नानांचा ताठा मात्र तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरच्या जितेंद्रला ते ऐकवत, "‘त्याने मला मारलं’ हे तर सगळेच लिहितात. एक बारीकशी गोष्ट घाल, मग बघ वाचणारा कसा त्या बाईच्या जागी जाऊन बसतो." ती गोष्ट घडलेली असावी असा काही त्यांचा हट्ट नव्हता. वकीलसुद्धा मजकूर त्यांच्याकडूनच करून घेत, मग नावं ठेवणार कोण?

आणि एके दिवशी नरडाण्याहून त्यांची स्वतःची लेक भाविका माहेरी आली, तीही अनवाणी. पाच वर्षांची मयुरी सासरीच राहिली होती. पोरगी देणार नाही, असं नवऱ्याने, योगराजने, सांगून टाकलं होतं. ताबा मागायचा तर प्रतिज्ञापत्र हवं, आणि ते नानांखेरीज कोण लिहिणार? बापाच्या टेबलासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून भाविकाने सांगितलं,

"आबा, मन्या पायन्या चपला तो कपाटमा ठेवे, कुलूप लावे. मी बाहेर जाऊ नई म्हनीसन. तीन वरीस."

नानांची बोटं हलली नाहीत. लेक तीन वर्षं कोंडलेली आणि या माणसाला प्रसंग फिका वाटला.

"चपलानं कोनले वाईट वाटस?" असं म्हणून ते टाइप करू लागले. तापलेलं उलथनं, डावं मनगट, पोरीच्या देखत. वाक्य असं उतरलं की त्यांना स्वतःलाच गहिवरून आलं.

भाविकाने वाचलं. "आबा, हाई झायंच नई."

"तुले पोर पाहिजे ना? सही कर."

तिने सही केली. बापाला आपल्याहून जास्त कळतं, हेच तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

उलटतपासणीत योगराजच्या वकिलाने आवाजही चढवला नाही. "ताई, मनगट दाखवा." भाविकाने बांगड्या मागे सारल्या. कातडी नितळ होती. तिने मागच्या बाकावरच्या बापाकडे पाहिलं. नाना खाली बघत होते.

"चटका नाही बसला," ती म्हणाली, आणि घाईघाईने चपलांचं सांगू लागली. पण ते कागदावर कुठेच नव्हतं, आणि एकदा खोटी ठरलेल्या बाईचं नवीन कोण ऐकून घेतं? मयुरी बापाकडेच राहिली. निकालाच्या दिवशी योगराजने तिला मोटरसायकलवर पुढे बसवलं. पोर आईकडे हात करून रडत गेली. नानांना कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

आठवड्याने भाविका पुन्हा शेडखाली आली. नानांनी लगबगीने खुर्ची पुढे ओढली. ती त्यांच्यासमोरून गेली आणि जितेंद्रच्या टेबलाशी बसली. तिला अपील करायचं होतं.

"लिहा," ती म्हणाली. "मी सांगितलं ते माझ्या वडिलांनी लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं ते घडलं नव्हतं."

"ताई, एखादी गोष्ट घालू का? वजन येईल."

"नको."

बत्तीस वर्षांत इतका उघडा ‘मी’ नानांनी ऐकला नव्हता, आणि त्यात ते स्वतः ‘तो’ होते. जितेंद्र संकोचून त्यांच्याकडे वळला.

"नाना, तुमचं पूर्ण नाव सांगा. वयही लागेल."

नानांनी दोन्ही सांगितलं.