कॅनॉलच्या वाटेनं कराडला

एका रविवारी सकाळी मी माझ्याच नवऱ्याचं दुसरं लग्न जवळजवळ जमवून आले. घरातून निघाले होते ते ऑफिसला सायकलने जायला बरा रस्ता शोधायला!

आमची कॉलनी कराडच्या बाहेर आहे. प्लॉट संपतात आणि ऊस सुरू होतो, तिथे. ऑफिस गावात आणि मधे हायवे. कारखान्यांचा सीझन सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्ठ्याने गाणी लावून शेजारून जातात. तेव्हा आपण सायकलवर आहोत की सायकल आपल्यावर, हे नीटसं कळत नाही. एकदा तर ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसानं माझी ओढणी उचलली आणि थेट कारखान्याला नेली! (त्या वर्षीची साखर कुणाला गुलाबी लागली असेल, तर ती माझी.)

आमच्या ह्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "सुनंदा, आजपास्नं सायकल बंद. मी सोडीन गाडीवर."

"आवं, पण मला सायकलच आवडते."

"मग हायवे सोडून वाट असंल तर दाव. धोका नको, चिखल नको, कुत्री नकोत. सापडली तर खुशाल जा."

आता ह्यांना कसं सांगायचं, की सायकलवर मला कुणी काही विचारत नाही! कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, गॅसचा नंबर लावला का, माझा चष्मा कुठंय, काही म्हणजे काही नाही. पायडल मारलं की डोक्यात आपोआप एक झुळूक सुटते. ह्यांच्या गाडीवर मागे बसलं, की झुळुकीऐवजी बँकेतल्या साहेबांच्या तक्रारी सुटतात.

माझी बाजू घेतली ती सासऱ्यांनी. आबा तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. सगळी नोकरी तोफांच्या शेजारी झाल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. पण ते स्वतः मानतात की लोकच हळू बोलायला लागलेत. ते म्हणाले, "रस्ता असा बोलून सापडत न्हाई. रेकी करावी लागती. रविवारी सकाळी तयार ऱ्हा." आणि माळ्यावरची त्यांची दांडीची काळी सायकल खाली उतरली.

निघालो तेव्हा धुकं होतं. कॅनॉलच्या कडेची कच्ची वाट, एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला तुरे आलेला ऊस. पाण्यावरून वाफ निघत होती, जणू कुणी सगळ्या शिवारासाठी चहा टाकलाय. लांब कुठेतरी गुऱ्हाळ पेटलं होतं आणि गुळाचा वास धुक्यात विरघळून थेट गळ्यात उतरत होता. एक खंड्या माझ्या पुढे पुढे उडत होता. मी त्याच्या मागे. आबा माझ्या मागे.

खंड्याला कराडला जायचं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"आबा, कॅनॉल कुठे गेला?"

"व्हय व्हय, झकास हाय!" आबा ओरडले.

दोन्ही बाजूंना ऊस, वर पांढरं आभाळ आणि वाट जेमतेम बैलगाडीएवढी. खरं सांगू? मला भीती वाटायला हवी होती. पण मला वाटलं, असंच जात राहावं. पुढे कराड लागलं नाही तरी चालेल, नुसता ऊस लागत राहावा.

लागली ती एक वस्ती. सारवलेलं अंगण, रांगोळी, बाहेर मांडलेल्या खुर्च्या, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उभे असलेले एक गृहस्थ. त्यांचं नाव हणमंतराव, हे मागाहून कळलं.

"आम्ही जरा वाट शोधत आलो..." मी म्हटलं.

"आवं, आमी बी तुमची वाटच बघत हुतो!" ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "या, बसा. सायकलवरनं आलासा? लय साधी माणसं बगा!"

मला वाटलं, काय हा पाहुणचार! रस्ता चुकलेल्याला खुर्ची, पाणी, शिवाय खोबरं पेरलेले पोहे. आबांनी तर बशी हातात पडताच मोर्चा सांभाळला.

"मिलिट्रीतलं घराणं न्हवं तुमचं?" हणमंतरावांनी विचारलं.

हा एकच प्रश्न आबांना कितीही हळू विचारला तरी ऐकू येतो. "तोफखाना! सुभेदार!"

हणमंतरावांनी बायकोकडे समाधानाने पाहिलं. (मध्यस्थानं त्यांना 'मिलिट्रीतलं घर' एवढंच सांगितलं होतं. आमच्या भागात ह्या खुणेवर निम्मा जिल्हा बसतो.)

"आन् मुलगा न्हाई आला?" हणमंतरावांनी आबांच्या कानाशी खुर्ची सरकवत विचारलं.

"मुलगा? झोपलाय की!" आबा म्हणाले. "रईवारी उठतोय कशाचा!"

"बरं बरं. बँकेत हाय म्हनं?"

"हाय. पण लय भित्रा. हायवे म्हटलं की कापतंय."

तेवढ्यात आतून एक मुलगी डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे घेऊन आली. ती माझ्या पायाशी वाकली, आणि माझ्या डोक्यातलं सगळं धुकं एका क्षणात उतरलं. आपण कुठे बसलोय ते कळलं! मी बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात पोहे. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. मुलीच्या आईला वाटलं, मला सून बघून भरून आलं. त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

"सभाव कसा हाय मुलाचा?" हणमंतरावांनी शेवटचं विचारलं.

"गरीब," आबा म्हणाले. "बायकोपुढं तर आवाजच निघत न्हाई त्येचा."

मुलीच्या आईचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

"बायको?" हणमंतराव खुर्चीतून उठले. "म्हंजी लगीन झालंय?"

"मग! ही काय, बसलीय की हितंच!" आबांनी चमचा माझ्याकडे रोखला.

हणमंतरावांच्या चेहऱ्यावर जे जे येऊन गेलं ते मी जन्मात विसरणार नाही. पहिली बायको दुसरी पसंत करायला आलीय, तीही सायकलवरून, आणि वर पोहे खातेय! "कुणाला फशीवताय?" ते गरजले. आबांना वाटलं, आणखी पोहे हवेत का विचारतायत. त्यांनी बशी पुढे केली.

हसायला पहिल्यांदा लागली ती मुलगी, तेजू. ट्रे खाली ठेवून ती पोट धरून हसली. मी कसंबसं पाणी पिऊन सगळं सांगितलं: ट्रॉली, ओढणी, खंड्या. हणमंतरावांचा राग उतरतोय न उतरतोय तोच त्यांचा फोन वाजला. खरे पाहुणे फाट्यावर पोचले होते. आणि पातेल्यात पोह्यांचा एक दाणा नव्हता!

प्रायश्चित्त म्हणून मी स्वयंपाकघरात शिरले आणि कांदे चिरायला बसले. तेजू शेजारी मिरच्या मोडत होती.

"काकू, तुमी खरंच सायकलवरनं कामाला जाता?"

"जायचंय गं. पण हायवे नको म्हणतात घरात."

"मला बी कराडला नोकरी लागलीय. कॅनॉलनं नीट वाट हाय. पर आण्णा एकटीला सोडंनात. उसातनं एकटीनं जायाचं म्हंजी धोका, म्हनत्यात. मग म्हनले, त्यापरीस लगीनच करून टाकू."

मी कांदा चिरत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते कांद्याचंच असावं.

पाहुणे आले. मुलाच्या आईने मला स्वयंपाकघराच्या दारात पाहून विचारलं, "ह्या कोण?"

"मावशी हाय मुलीची," तेजूची आई घाईने म्हणाली. म्हणजे एका सकाळी मी मुलाची आई झाले, मुलाची बायको झाले आणि आता मुलीची मावशी! मावशीने गप्प बसायचं असतं. बसलेही होते. पण मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर नोकरी-बिकरी सोडंल न्हवं?" आणि माझ्या तोंडून, मला न विचारता, निघून गेलं, "का सोडेल? उद्यापासून ती माझ्याबरोबर सायकलने जाणार आहे!"

पोहे छान झाले होते. पाहुण्यांनी ते खाल्ले, "कळवतो" म्हणाले आणि आजतागायत कळवलं नाही.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत हणमंतराव उंबऱ्यात उभे होते. मग माझ्याकडे वळले. मी खाली बघत होते. ते म्हणाले, "बाई, माझ्या पोरीचं ठरत आलेलं तुमी मोडलासा. आता निदान तिला कामाला तरी नीट न्या आन् आणा."

तेजूने आईला मिठी मारली. आबांनी विचारलं, "काय ठरलं? पसंत का?"

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. ती पुढे, मी मागे. उसात एकटीला जी भीती वाटते ती दोघींना वाटत नाही, आणि तिसरी आली तर आणखीच कमी वाटेल. आता वस्तीवरच्या आणखी दोघी सायकली शोधतायत. सकाळी पाणी रुपेरी असतं, संध्याकाळी तांबूस. तुरे हलतात, बगळे उठतात, आणि कुणी काही विचारत नाही. आमच्या ह्यांनी एकदा स्वतः येऊन वाट पाहिली, कुत्री मोजली आणि मान डोलावली.

ऑफिसात माझी कीर्ती झाली. सायकलवाल्या बाई, आडवाटांच्या जाणकार! परवा साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं करून 'सुरक्षित मार्ग' या विषयावर बोलायला लावलं. मी चांगली रंगून बोलले. त्याच संध्याकाळी तेजूला काम होतं, म्हणून एकटीच निघाले. मावळतीचा उजेड असा काही पडला होता, की मी त्याच्याकडे बघत बघत पायडल मारत राहिले.

थोड्या वेळाने फोन वाजला. तेजू होती. "काकू, कुठं हाय तुमी?"

मी चारी बाजूंना पाहिलं. चारी बाजूंना ऊस होता.

"काय माहीत गं," मी म्हटलं. "पण लय सुंदर हाय!"