नावाड्याला दिलेला सूर

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवते. हे ऐकलं की लोक आधी माझ्या पायांकडे बघतात, कारण पायांनी भाता हलता ठेवला तरच ही पेटी बोलते. चंद्रपूरच्या जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या चर्चमध्ये मूकपट दाखवायचं ठरलं आणि तिथला ऑर्गन वाजवायला कोणी मिळेना, तेव्हा निरोप माझ्याकडे आला. संवाद नाही, पद नाही, नुसतं चित्र. त्याला साथ करायची तरी कशाची? नाही म्हणायला हवं होतं. पण तो उंच पाठीचा ऑर्गन कसा वाजतो, हे मला बघायचंच होतं.

बाबाही येतो म्हणाले, याचं नवल वाटलं. बाबा आमच्या मंडळाचे गायक नट, सगळ्यांचे 'भाऊ'. त्यांचं पद संपलं की लोक 'वन्स मोअर'साठी हटून बसत. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, उरली ती घोगरी कुजबुज. तेव्हापासून त्यांनी मांडवात पाऊल टाकलं नव्हतं. यंदा मंडळानं त्यांना एका मुक्या म्हाताऱ्याचं काम देऊ केलं होतं आणि या खेळाच्या दुसऱ्या दिवशी उत्तर हवं होतं. "दया करून राह्यले माह्यावर," म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यांनी पुन्हा उभं राहावं असं मला फार वाटायचं. विचारलं की ते चिडत, ते चिडले की मी चिडायची.

"आता कायले येता मंग?" मी विचारलं.

"न बोलता लोकायले कसे धरून ठेवतेत, थे पाह्यतो."

चर्चचे बाक भरले होते. निम्मे चर्चचे लोक, निम्मे आमचे नाटकवेडे, थेट चिमूरहून आलेले. वेदीवर पांढरा पडदा. बाबा पहिल्याच बाकावर, माझ्या हाताशी. ऑर्गनचा भाता जड होता, पण आवाज असा भरदार की छताच्या लाकडापर्यंत जाऊन परत येई. मी खूश झाले आणि जरा शेफारलेसुद्धा. घोडागाडीला ठेका, भांडणाला खर्ज, सगळं जमत होतं.

मग पडद्यावर एक म्हातारा नावाडी नदीकाठी आला. उभा राहिला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आमच्या नाटकांत नावाडी असा उभा राहिला की गातोच. माझ्या बोटांनी मला न विचारता पदाआधीचा सूर दिला आणि मी नटाच्या पहिल्या शब्दासाठी थांबले. नावाडी गाणार कुठून? तो दोन्ही हात तोंडाशी धरून पैलतीरावरच्या कुणाला तरी हाक मारत होता. माझा सूर तसाच ताणून उभा, आणि पुढे काही नाही.

त्यात दिला तो काळी एक. बाबांची पट्टी. नाटकवाल्यांनी ती ओळखली आणि बाकांवरच्या माना एकेक करून बाबांकडे वळल्या. मागून एक बाई हळूच म्हणाली, "आता भाऊ गाते काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूर सोडावा तरी पंचाईत, धरावा तरी पंचाईत. बाबांकडे बघायची हिंमत होईना. बघितलं तेव्हा ते पडद्याकडेच बघत होते, किंचित पुढे झुकून. नावाडी अजून हात तोंडाशी धरून उभा होता. मग मी भाता हळूहळू सैल केला, सूर आपोआप विरला, आणि पुढचं सगळं जपून, खालच्या आवाजात वाजवलं.

बाहेर आवारात मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते. बाबा बराच वेळ चपलेत पाय अडकवत राहिले.

"हाक मारून झाली, तरी त्यानं हात खाली नाई घेतले," ते कुजबुजले. "काऊन?"

"उत्तराची वाट पाह्यत असन."

"तो नाई. आपुन पाह्यत होतो." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात तोंडाशी नेले, तसेच धरले, आणि खरंच माझी नजर त्यांच्यावरून हलेना. चर्चमधून बाहेर पडणारे लोकही थबकले.

बाबांनी हात खाली घेतले. "मंडळाले हो म्हनून सांग," ते म्हणाले. "अन् माह्या एंट्रीले सूर नोको देजो. थांबू दे लोकायले."