सुरगाण्याहून लॅपटॉप घेऊन

सकाळी पाड्यावरून जीप निघाली तेव्हा माझ्या मांडीवर मनीषाचा लॅपटॉप होता, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. मनीषा माझी मुलगी, नाशिकला कॉलेजात शिकते. दसऱ्याला घरी आली आणि तापाने पडली. त्यातच लॅपटॉप बंद पडला. बटण दाबलं तरी दिवा लागेना. तिचं वर्षभराचं काम त्यातच होतं आणि ते सोमवारी कॉलेजला द्यायचं होतं, नाहीतर वर्ष वाया. तिचे वडील गुजरातला कामावर गेलेले. मग मीच निघाले. अंथरुणातून ती म्हणाली, "आये, आतलं काही पुसून टाकू म्हणाले तर नाय म्हण." अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटेल का, याचीच मला भीती.

सुरगाण्यात एसटी मिळाली. बोरगावपर्यंत डोंगर आणि पिवळी पडलेली भातं. वणीनंतर सपाटी लागली आणि द्राक्षबागा सुरू झाल्या. छाटणी चालू होती. या बागांत मीही काम केलं आहे. हात वर करून छाटणाऱ्या बायका दिसल्या की त्यांत ओळखीचं कोणी आहे का, हे मी खिडकीतून बघत होते. दिंडोरीच्या पुढे मात्र एकटी कधी गेले नव्हते.

नाशिकला उतरून गंगापूर रोडची रिक्षा धरली. मनीषाने सांगितलेला चौक आला, पण रिक्षा भरलेली, सगळ्यांदेखत थांबा कसं म्हणू? चौक मागे गेला. बरंच पुढे गेल्यावर कसंबसं म्हणाले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, बोलायचं ना. मी काय मनातलं ऐकतो का?" सगळे हसले, मलाही हसू आलं. मग ऊन डोक्यावर घेऊन तेवढंच मागे चालत आले. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी खाल्ली.

दुरुस्तीचं दुकान अगदी अरुंद. दुकानदार माझ्या भावाच्या वयाचा. शेजारी एक आजोबा आपला प्रिंटर मांडीशी घेऊन बसले होते. दुकानदाराने आपला चार्जर लावून पाहिला. दिवा नाही. बटण बराच वेळ दाबून धरलं. मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढून परत लावली. तरीही काही नाही. पडला होता का, त्याने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. पाणी सांडलं होतं का? तेव्हाही मी नुसती मान हलवली.

पाणी सांडलं नव्हतं, शिंपडलं होतं. खंडेनवमीला आम्ही कोयता, विळा, कुदळ हळव्या (लवकर येणाऱ्या) नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, राशीवर मांडून पूजतो. यंदा सासूबाई म्हणाल्या, पोरीचं अवजार हेच, आणि लॅपटॉपही राशीत ठेवला. फुलाने पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवसापासून तो चालेना. मनीषा त्यांना काही बोलली नाही, पण त्या सारख्या मला विचारत, "माझ्या पाण्यानेच गेला का गं?" हे इथे कसं सांगायचं? रानातली माणसं, म्हणतील.

दुकानदार म्हणाला, चार्जरची पिन जिथे बसते ती जागा आतून मोडलेली दिसते, आठ दिवस ठेवावा लागेल. सोमवार गेला म्हणजे सगळंच गेलं. मान वर केली तर त्याच्या पेचकसांच्या फळीवर वाळलेली झेंडूची माळ दिसली.

"दादा," मी म्हणाले, "नागलीवर ठेवला होता. पूजेला."

मग खाली बघत सगळं सांगितलं, पाण्याचंही. आजोबा म्हणाले, "अहो, यानेही परवा मीटरला एवढं कुंकू लावलं की आकडा दिसत नाही." दुकानदार हसला आणि टॉर्च घेऊन त्या भोकात वाकून बघायला लागला.

"दाणा केवढा असतो मावशी?"

"मोहरीएवढा."

त्याने बारीक सुईने एक दाणा काढला, मग आणखी एक. त्यामुळेच पिन पूर्ण बसत नव्हती. या वेळी ती टक्क करून बसली आणि बाजूला पिवळा दिवा लागला.

"मग पाण्याने नाय झालं?" मी विचारलं.

"पाणी आत गेलंच नाही."

ते मी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

थोडं चार्जिंग झाल्यावर लॅपटॉप सुरू झाला. मनीषाला फोन लावून दिला, ती सांगेल तसं दुकानदार करत गेला. शेवटी ती मला म्हणाली, आये, तू वाच. पडद्यावर मराठीत 'माझा प्रकल्प' लिहिलं होतं. मी वाचलं. पलीकडे ती रडत होती की खोकत होती, मला कळलं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी विचार करत होते. मी काही शिकलेली बाई नाही, पण जे सांगायला लाजत होते तेच त्या माणसाला कळायला हवं होतं.

घरी पोहोचले तर सासूबाई ओट्यावर बसून होत्या. मी आधी पाण्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पूजेचं सांगितलंस त्याला? हसला का?"

"हसला. पण त्यानेही पूजा केली होती."

त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, नव्या नागलीची भाकर खायला ये."

एवढ्या लांब तो कुठला येतोय. मनीषा बरी होऊन कॉलेजला जाईल, तेव्हा त्याच्यासाठी नागलीचं पीठ घेऊन मीही नाशिकला जाणार आहे.