बोटभर लांब निघालेलं कार्ड

मंडळी, आज सकाळी पहिलावहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडायला बसलो. कुठल्या मदरबोर्डवर कुठला प्रोसेसर चालतो, पॉवर सप्लाय पुरंल का, सगळं इथं ग्रुपवर विचारून पार्ट मागवले होते.

शेवटी ग्राफिक्स कार्ड काढलं, तर कॅबिनेटमध्ये मावेचना. बोटभर लांब!

आमचे पप्पा मुरुम गावाकडं बोअरमध्ये मोटारी सोडायचं काम करतात. वाकून बघत म्हणाले, "डब्याचं माप घेतलं न्हाय व्हय? आमी आधी बोअर किती इंची हाय ते इचारताव, मगच मोटार आणताव."

खिशातला टेप काढून त्यांनीच कार्ड मोजलं. मग हळूच म्हणाले, "समद्या ग्रुपला इचारलास. मला का न्हाय इचारलास?"

महिनाभर मी त्यांच्या शेजारीच बसून मोबाइलवर विचारत होतो.

काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.