चारशे वाक्यं आणि एक पेला

आमच्या बिल्डिंगमध्ये एक कुजबुज बरेच दिवस फिरत होती, आणि ती फिरवण्यात माझाही हातभार होता, हे आधीच कबूल करून टाकतो. कुजबुज अशी, की तिसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई भिंतीला पेला लावून शेजाऱ्यांचं बोलणं ऐकतात.

पाहिलं होतं घड्याळवहिनींनी, म्हणजे पहिल्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करतात त्यांच्या पत्नीने. त्या सुई मागायला वर गेल्या, तर दार अर्धं उघडं, आणि बाई भिंतीला स्टीलचा पेला टेकवून उकिडव्या बसलेल्या. पलीकडे घरमालकांचं न्हाणीघर. आता न्हाणीघरात ऐकण्यासारखं काय असणार? पण मालक आंघोळ करताना स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत, हे जगजाहीर होतं. वहिनी सुई न मागताच खाली आल्या. दोन मजले उतरेपर्यंत गोष्टीतल्या त्या पेल्याला नळीही फुटली होती.

बाई एकट्या राहायच्या. वय पंचेचाळीसच्या घरात, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दोन गल्ल्या सोडून गाइडं छापणारे एक प्रकाशक होते, त्यांच्याकडे एकोणीस वर्षं नोकरी. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा जुना टाइपरायटर भंगारात निघाला. बाईंनी तो उचलून घरी आणला. उचलून म्हणजे खरंच उचलून. जिन्यात तीनदा टेकवत. तेव्हापासून संध्याकाळी बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी अर्ज, तक्रारी, पत्रं घेऊन वर चढायचं. बाई समोरच्या खुर्चीवर बसवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "सावकाश सांगा. सुरुवातीपासून."

आता माणसाला सुरुवातीपासून सांगायला सांगितलं की तो अर्जापुरता थांबतो होय?

एकदा प्रकाशकांनी इंग्रजी बोलायला शिकवणारं गाइड काढायचं ठरवलं. पुट ऑफ, गिव्ह इन, रन आउट, असल्या जोडगोळ्यांचं. ही जात मोठी चावट. 'लुक' बिचारं आपलं नुसतं बघत असतं. त्याच्या घरी 'आफ्टर' नावाचा जावई आला की ते सांभाळायला लागतं, 'डाउन' आला की नाक मुरडायला लागतं, आणि 'फॉर' आला की शोधत हिंडतं. पुस्तक लिहायला एक प्राध्यापक गाठले. त्यांनी यादी चोख दिली, पण वाक्यं सगळी राजवाड्यातली. राजा शरण गेला, सैन्य मागे हटलं. प्रकाशक वैतागले. "अहो, गिऱ्हाइकाला साखर संपली हे सांगायचंय. त्याला सैन्य कशाला? बाई, तुम्ही एवढी वर्षं हेच टाइप करताय. चारशे वाक्यं तुम्हीच लिहा. रोजची."

रोजचं म्हणजे बाईंना काय ठाऊक? छापखाना ठाऊक, आणि ती खुर्ची ठाऊक. त्यांनी लिहिली.

गाइड दुकानात आलं आणि आमच्या तळमजल्यावरच्या कंपाउंडरने ते पहिल्याच आठवड्यात घेतलं. त्याला मोठ्या हॉस्पिटलात जागा हवी होती, मुलाखत इंग्रजीत. रोज सकाळी दात घासत घासत तो जिन्यात उभा राहून मोठ्याने वाचायचा. एक दिवस वाचता वाचता ब्रश तोंडातच राहिला. 'शो ऑफ'चं वाक्य होतं: द कंपाउंडर शोज ऑफ हिज स्टेथोस्कोप. स्टेथोस्कोप मिरवतो म्हणे!

"हा मीच की!" तो म्हणाला, आणि फेस पायरीवर सांडला.

मग काय, पुस्तकाची पानं दारोदार फिरली. 'फॉल आउट' खाली दोन भावांचं भिंतीवरच्या घड्याळावरून वाजलेलं. आमचे घड्याळजी आणि त्यांचा धाकटा. 'पुट अप विथ' खाली नवऱ्याचं घोरणं सोसणारी बाई, घड्याळवहिनी लालबुंद. आणि 'पुट ऑफ' खाली, ठळक टायपात: अवर लँडलॉर्ड पुट्स ऑफ एव्हरी रिपेअर. प्रत्येक दुरुस्ती उद्यावर ढकलणारा घरमालक. माझ्यावर मात्र चारशेत एक वाक्य नाही. हा अपमान मी अजून गिळलेला नाही.

पेल्याची कुजबुज इतके दिवस करमणुकीची होती. आता ती पुरावा झाली. मालकांनी बाईंना दारातच सांगितलं, "महिनाअखेर खोली रिकामी करा. भिंतीला कान लावणारी भाडेकरू मला नको."

बाईंचा चेहरा मी पाहिला. त्या पगारात, छापखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एकट्या बाईला दुसरी खोली कोण देणार होतं? माहेर म्हणावं तर ते उरलेलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "एकदा सगळ्यांसमोर बोलू द्या. मग जाते."

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात सगळे जमले. मालक पुस्तक नाचवत उभे. "घराघरातलं बोलणं चोरून छापलंय हे! चोरी आहे चोरी!"

"नाव कुणाचं आहे त्यात?" मी काडी टाकली.

"नाव कशाला हवं? कंपाउंडर म्हटलं की समजतं ना!"

कंपाउंडरने घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर... ते मीच सांगितलं होतं. अर्ज टाइप करताना. म्हटलं, गळ्यात अडकवला की लोक डॉक्टर समजतात, बरं वाटतं."

"आणि भावाचं मी," घड्याळजी खाली बघत म्हणाले. "त्याला पत्र लिहून घ्यायला आलो होतो. पत्र राहिलं बाजूला, तासभर रडलोच."

"मग माझ्या घोरण्याचं?... म्हणजे तुमच्या?" वहिनी गोंधळल्या. "अगं बाई, ते मीच की हो. शाळेच्या दाखल्याचा अर्ज होता."

"दाखल्यात घोरणं कुठून आलं?" कुणीतरी विचारलं.

"सुरुवातीपासून सांगा म्हणाल्या ना त्या!"

जिना हसला. मालक हसले नाहीत. "मी तर या बाईंकडे कधी एक ओळ टाइप करून घेतलेली नाही. माझं कुणी सांगितलं? न्हाणीघरातून ऐकलं ना?"

मागून मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मी सांगितलं. ताईला पत्र लिहिताना. आणि एकदाच नाही."

"तू?"

"मग काय खोटं आहे? स्वयंपाकघराची खिडकी चार वर्षं दोरीने बांधलीये. उद्या, उद्या."

टायपिस्टबाई तेव्हा पुढे आल्या. "मालक, जे ऐकलं ते याच खोलीत, माझ्या खुर्चीवर बसून सांगितलेलं ऐकलं. पण छापण्याआधी विचारायला हवं होतं. ते चुकलं माझं. दुसऱ्या आवृत्तीत ज्याचं त्याला विचारून बदलते."

"माझं बदलू नका," घड्याळजी म्हणाले. "फक्त खाली 'मेक अप' घाला, भांडण मिटल्याचं. मागाहून तुम्ही टाइप केलेलं पत्र मिळाल्यावर धाकटा आला होता. आता रोज येतो."

मालकांच्या हातात आता एकच गोष्ट उरली होती. "आणि तो पेला? वहिनींनी डोळ्यांनी पाहिलाय. लावता की नाही भिंतीला?"

"लावते," बाई म्हणाल्या. "आत या. दाखवते."

मालक एकटेच आत गेले. आम्ही सगळे माना लांब करून बाहेर. दोन मिनिटांत ते बाहेर आले, पुस्तक कंपाउंडरच्या हातात दिलं आणि कुणाकडे न बघता घरात गेले. मालकीणबाईंनी मात्र आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सोमवारी सकाळी आठ वाजता प्लंबर आला. खोली रिकामी करण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बाई अजून तिथेच आहेत.

न्हाणीघराचा पाइप फुटला होता आणि बाईंच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. खाली टाइपरायटर होता, म्हणून त्या पेला लावून पाणी धरत होत्या. मालकांना त्यांनी त्याबद्दल तीन अर्ज टाइप करून दिले होते. मालकांनी ते वाचले नव्हते.