काळी चार

तीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आमच्या अंबरनाथच्या शाळेत आठवी, नववी, दहावीची संगीत नाटिकांची चढाओढ असायची. लिहिणं, चाली, बसवणं, सगळं मुलांचं. सरांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. आम्ही नववीत. आमच्या नाटिकेत उल्हास नदी एके दिवशी समुद्राकडे जायलाच नकार देते. नदी झाला होता माझ्या बाकावरचा मित्र, बुवापाड्याचा. पेटी माझ्याकडे.

त्याचा आवाज अजून कधीतरी दुपारी डोळा लागताना ऐकू येतो. गाता गाता तो कुठेतरी निघून जायचा, आणि आम्ही त्याच्या मागे.

आदल्या दिवशी त्याने मला टाकीमागे नेलं. "आवाज फुटतोय रे. काळी चारची पट्टी लय उंच जाते. खाली काळी एकवर घे. कुणाला बोलू नको, साले बकरा म्हणतील."

"घेतो ना. टेन्शन नको घेऊस."

घरी वाजवून पाहिलं. दोन कडव्यांच्या मध्ये माझा एकट्याचा तुकडा होता. काळी चारला बोटं पळायची, काळी एकला अडखळायची.

पडदा उघडला. नदीचं पाणी म्हणून सगळ्यांच्या आयांच्या निळ्या साड्या हलत होत्या, मधोमध तो, कमरेपर्यंत बुडालेला. मी डोळे मिटले आणि काळी चार धरली.

पहिलं कडवं त्याने कसंबसं ओढलं. माझा तुकडा सुरेख झाला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. दहावीच्या रांगेतून कुणीतरी "बेंऽऽ" केलं. उरलेलं गाणं त्याने नुसतं बोलून संपवलं. विंगेत मला म्हणाला, "पेटी मस्त वाजली तुझी." पुन्हा कधी गायला नाही.

परवा बदलापूरला माझ्या मुलीच्या शाळेत तशीच स्पर्धा होती. शेजारच्या खुर्चीत तोच. त्याचा मुलगा गाणार होता. दिवे गेले तसं मी बोलून टाकलं. "तेव्हा विसरलो नव्हतो मी. माझ्या तुकड्यासाठी केलं."

"पहिल्या सुरालाच कळलं होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"तुझे डोळे मिटलेले. खुणावू कसा?"

त्याचा मुलगा पुढे आला. मित्राने माझं मनगट घट्ट धरलं. पेटीवरच्या मुलीने सूर दिला.

"काळी एक," तो पुटपुटला. मग हात सोडला.