नसीमआपांचा टॅबलेट

नसीमआपांचा मॉनिटर कायम बंद असायचा. नवा माणूस ऑफिसात आला की हमखास म्हणायचा, "बाई, तुमचा कॉम्प्युटर बंद आहे." टाइप करताकरताच आपा सांगायच्या, "तुमच्यासाठी बंद हाय. माझ्याशी बोलतोय."

आपांना जन्मापासून दिसत नव्हतं. रहिमतपूरच्या आमच्या दूध संस्थेत त्या गावोगावच्या केंद्रांचे फोन घ्यायच्या आणि दुधाचे आकडे विंडोजच्या कॉम्प्युटरवर भरायच्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा इंग्रजी आवाज हेडफोनमध्ये इतका भरभर बोलायचा, की मला एक शब्द कळायचा नाही. मी शेजारच्याच टेबलावर बसायचे.

मग संस्थेने कॉम्प्युटर काढून टॅबलेट आणायचं ठरवलं. दुधाचं नवं ॲप अँड्रॉइडवरच चालणार होतं. टॅबलेट हातात आल्यावर आपांनी त्यावरून बोटं फिरवली. कळा नव्हत्याच, नुसती गुळगुळीत काच. मॅनेजर म्हणाले, "आपा, तुमच्यापुरता जुना कॉम्प्युटर ठेवू. नाहीतर नुसते फोन घ्या."

"नको साहेब. सगळ्यांचं काम एकीकडं आन माझं एकलीचं दुसरीकडं? ते मशीन बंद पडलं की मीबी बंद."

मी सेटिंगमध्ये शोधून टॅबलेटचाही वाचून दाखवणारा आवाज सुरू करून दिला. तो चक्क मराठीत बोलला. आपा हरखल्या. "बघ गं सुजाता, इतकी वर्सं इंग्रजीत ऐकलं, आता ह्यो आपल्यातला झाला!" बोट फिरवलं की वाचायचं, दोनदा टिचकी मारली की उघडायचं, हे त्यांनी चुकत, चिडत, पुन्हा करत बसवलं. पण दुधाच्या ॲपमध्ये गेल्या की आवाज एवढंच म्हणायचा, "बटण. बटण. बटण." ॲप करणाऱ्यांनी बटणांवर चित्रं काढली होती, नावं दिली नव्हती.

आपांनी पुण्याला त्या कंपनीत फोन केला. "शेजारी कुणाला तरी बसवा," असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा केला. मग उचलेनातच. तेव्हा आपांनी रजा टाकली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही एसटीने पुण्याला गेलो.

ॲप लिहिणारा मुलगा नम्र होता, पण म्हणाला, "मॅडम, एका माणसासाठी बदल करणं अवघड आहे."

आपांनी टॅबलेट त्याच्यापुढे सरकवला. "डोळं मिट बाबा, आन वाठार केंद्राचं दूध भरून दाखव."

त्याने डोळे मिटले. बटण, बटण, बटण. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काहीच कळत नाही."

"व्हय ना? मलाबी तेवढंच कळतंय. मला नवीन काय नको. हायत त्या बटणांस्नी नावं दे."

त्याने आमच्यासमोरच पहिल्या बटणाला नाव दिलं. आवाज म्हणाला, "म्हैस." आपा इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडचे लोक वळून बघायला लागले. उरलेली नावं त्याने महिन्याभरात दिली आणि आपांची ऑफिसातली खुर्ची टिकली.

पुढे सांगलीच्या एका अंध मुलींच्या वसतिगृहाने टॅबलेट शिकवायला त्यांना बोलावलं. त्यांनी संस्था सोडली तेव्हा मी रडले, त्या नाही. परवा फोनवर मी विचारलं, "आपा, रोज तेच तेच शिकवायचा कंटाळा येत नाही?"

"येतो की, लय येतो. पण ह्या पोरी शाळा संपली म्हणून घरात बसायच्या न्हाईत. म्या बसू देणार न्हाई."